फोनच्या जोडीला काय? इंदूरच्या एका घराची खरेदी

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं पाच माणसांचं घर. काका पोस्ट खात्यातून निवृत्त, वय ७३. काकू ६८ च्या. दिवाळीत फराळाच्या, गणपतीत मोदकांच्या आणि संक्रांतीला गुळपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात. मुलगा पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्टने जातो. सून खासगी शाळेत शिकवते आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घेते. नात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी घरातल्या जुन्या नेटबुकवर, म्हणजे छोट्या स्वस्त लॅपटॉपवर, बँकेची साइट उघडेना, तेव्हा ३०,००० रुपये बाजूला काढून 'काहीतरी एक' घ्यायचं ठरलं.

ते एक म्हणजे काय, यावर चार मतं होती. काकांना टॅबलेट हवा होता, कारण सकाळच्या फिरण्यातल्या त्यांच्या मित्राकडे तो आहे आणि तो त्यावर पुण्या-मुंबईचे पेपर वाचतो. नातीला लॅपटॉप हवा होता. सुनेचं म्हणणं, एवढे पैसे घालायचेच तर एक चांगला मोठा फोन घ्या, हल्ली सगळं त्यातच होतं. मुलाने साधाच प्रश्न विचारला, 'आपलं नेटबुक इतकी वर्षं चाललं, तसलंच नवं मिळत नाही का?' काकूंनी मत दिलं नाही. फराळाचा मोसम तोंडावर होता आणि त्यांच्या दृष्टीने खर्च दिवाळीनंतर व्हायला हवा होता.

माझी नोकरी एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत. या घराशी जुना घरोबा, म्हणून निवाड्याला मला बसवलं.

काकांनी आणखी एक आशा धरली होती. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. मग टॅबलेटही उतरला असणार. पण मोबाइल, टॅबलेट आणि लॅपटॉप आधीपासूनच १८ टक्क्यांत होते आणि तिथेच राहिले. थांबून किंवा घाई करून कराच्या बाजूने काही सुटणार नव्हतं.

जुनं नेटबुक कुठे अडलं

ते २०१० सालचं. १०.१ इंची पडदा, इंटेलचा अ‍ॅटम एन४५० प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि विंडोज ७ स्टार्टर, म्हणजे ज्या आवृत्तीत डेस्कटॉपवरचं चित्रसुद्धा बदलता येत नसे ती. त्या वेळी हीच जात घरोघर होती. २००७ च्या ऑक्टोबरात आसूसने ७ इंची ई-पीसी काढला, पुढच्या वर्षी इंटेलने अ‍ॅटम आणला आणि दोन-तीन वर्षं स्वस्त, छोट्या संगणकांचा पूर आला. जानेवारी २०१० मध्ये आयपॅड जाहीर करताना स्टीव्ह जॉब्ज यांनी नेटबुक कुठल्याच बाबतीत सरस नाही अशी त्याची टर उडवली होती. आपल्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी आकाश टॅबलेट आणला. गाजावाजा वस्तूपेक्षा मोठा होता. २०१३ उजाडेपर्यंत नेटबुक करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ती जात बंद करून टाकली. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. त्या नावाची नवी वस्तू आता दुकानात नाही; तिच्या जागी ११ ते १४ इंची स्वस्त लॅपटॉप आणि विंडोजऐवजी गूगलच्या क्रोम ओएसवर चालणारे क्रोमबुक आले.

घरातलं नेटबुक तसं धडधाकट होतं. बटणं चालत होती, पडदा स्वच्छ होता. अडचण बाहेरून आली. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. क्रोमची १०९ वी आवृत्ती विंडोज ७ वर चालणारी शेवटची. २०२३ पासून पुढची आवृत्ती तिथे बसतच नाही. बँकांच्या साइटी जुन्या ब्राउझरला दारातूनच परत पाठवतात, आणि ते योग्यच आहे. त्यात पडद्याची उंची फक्त ६०० ठिपके. सरकारी फॉर्मची खिडकी उघडली की 'सबमिट'चं बटण पडद्याच्या खाली जाऊन बसायचं आणि घरच्यांना वाटायचं की फॉर्मच अर्धवट आला आहे.

एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क बसवून, रॅम वाढवून, विंडोजऐवजी लिनक्स टाकून त्यात थोडी जान आणता आली असती. पण या प्रोसेसरला २ जीबीच्या वर रॅम लागतच नाही. दोन-अडीच हजार घालून हाती आलं असतं ते एका वेळी एखादं पान कसंबसं उघडणारं यंत्र. मी नको म्हटलं. मात्र भंगारातही देऊ नका, असंही सांगितलं. त्याचा उपयोग पुढे निघाला.

काम संपतं कुठे?

दुकानात जाण्याआधी नातीला एक काम दिलं. आठवडाभर घरात कोण कशावर काय करतं ते वहीत लिही, आणि प्रत्येक कामापुढे ते संपतं कशाने तेही लिही. टिचकीने संपतं, ओटीपीने संपतं, वाचून झालं म्हणून संपतं, की शेवटी एखादी फाइल किंवा कागद तयार व्हावा लागतो? रॅम आणि मेगापिक्सेल यांवर वाद घालत बसण्यापेक्षा या एका रकान्याने जास्त उलगडा होतो, असा माझा अनुभव आहे. काम सुरू कुठेही होतं, आजकाल बहुतेक फोनवरच होतं. पण घोडं अडतं ते काम संपवताना.

काकूंची नोंद सगळ्यांत सरळ निघाली. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येते, बऱ्याचदा बोललेल्या निरोपाच्या रूपात. चकलीचा फोटो जातो. आगाऊ रक्कम यूपीआयने येते. बस्स. त्यांचं सगळं काम फोनवर सुरू होऊन फोनवरच संपतं, मागे काही उरत नाही. हिशेब वहीत. तो संगणकावर घ्यायचा नातीला उत्साह होता, मला नव्हता. त्या वहीत गिऱ्हाईक, किलो, आगाऊ, बाकी आणि 'अनारसे नकोत, आजोबांना डायबेटिस' हे सगळं एका ओळीत असतं, आणि पिठाच्या हातानेही ती उघडता येते.

मुलाचं फोनवर भागतं. वर्षातून एकदा आयकराचं विवरणपत्र भरायचं, तेही ऑफिसातला एक मित्र भरून देतो.

सुनेच्या नोंदीत फाटा फुटला. हजेरी शाळेच्या अ‍ॅपवर, पालकांचा ग्रुप फोनवर, बैठका व्हिडिओ कॉलवर. म्हणजे ती म्हणत होती तसं बरंचसं फोनवर होत होतं. पण प्रश्नपत्रिका? ती वर्डमध्ये करून, छापून न्यावी लागते. शाळेतल्या जुन्या हिंदी प्रश्नपत्रिका कृतिदेव फॉण्टमध्ये आहेत. मध्य प्रदेशात कृतिदेवचं राज्य अजून पुरतं गेलेलं नाही. युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांत सारखी चालणारी अक्षरांची पद्धत; हा त्याच्या आधीच्या पद्धतीचा फॉण्ट, त्यामुळे तो ज्या यंत्रात बसवलेला नाही तिथे हिंदी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फोनवर ती फाइल उघडून सून दरवेळी कुणाला तरी फोन करायची, 'तुमच्याकडे नीट दिसते का हो?'

नातीच्या दोन गरजा होत्या आणि दोन्हींत तडजोडीला जागा नव्हती. एक टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर, जे विंडोजवरच नीट चालतं आणि बी.कॉम. करून नोकरी शोधणाऱ्याला इंदुरात पहिल्या मुलाखतीत विचारलं जातं. दुसरी सीपीसीटी. राज्य सरकारच्या डेटा एंट्री आणि सहायक ग्रेड ३ सारख्या पदांसाठी ही परीक्षा लागते, तिच्यात इंग्रजीबरोबर हिंदी टायपिंगही असतं आणि ते खऱ्या कीबोर्डवर करायचं असतं.

काकांची नोंद लांबलचक आणि मजेशीर होती. सकाळी ई-पेपर. दुपारी यूट्यूबवर नाट्यसंगीत. महिन्यातून एकदा पेन्शन जमा झाली का ते पाहणं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. आणि मराठी मंडळाचे चिटणीस म्हणून सभेचं इतिवृत्त, जे ते फुलस्केपवर सुंदर अक्षरात लिहितात आणि नातीला 'जरा टाइप करून दे गं' म्हणतात. त्यांच्या खिशात होता बटणांचा साधा फोन. म्हणजे विजेचं बिल भरायचं तरी सुनेला हाक, आणि ती शाळेत असली की संध्याकाळपर्यंत थांबणं. त्यांनी मागितला टॅबलेट. पण वहीतली नोंद वाचली तर त्यांना आधी हवं होतं ते कुणाला हाक न मारता स्वतःचं बिल भरता येणं.

फोन हा तिघांतला एक नाही

परदेशी परीक्षणांत फोन, टॅबलेट आणि छोटा लॅपटॉप एका रांगेत उभे करून गुण देतात. आपल्याकडे ती रांग लागत नाही, कारण फोन असावाच लागतो. यूपीआयचं अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना ते त्याच यंत्रातल्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस पाठवतं आणि तुमचं खातं त्या सिमशी आणि त्या यंत्राशी बांधतं. नुसत्या वायफायच्या टॅबलेटात सिमच नाही, तर एसएमएस जाणार कुठून? तिथे यूपीआय होत नाही. सिमवाला टॅबलेट घेतला तरी काही टॅबलेटांत ते सिम फक्त डेटापुरतं असतं. व्हॉट्सअ‍ॅप टॅबलेटवर किंवा लॅपटॉपवर जोडता येतं, एका खात्याला अशी चार यंत्रं जोडता येतात. पण मूळ फोन १४ दिवस उघडलाच नाही तर जोडलेली यंत्रं आपोआप बाहेर पडतात. मध्य प्रदेश सरकारच्या समग्र आयडीचं ई-केवायसी, गॅसचं बुकिंग, बँकेचं लॉगिन, सगळ्यांचा ओटीपी शेवटी सिमवर येतो.

म्हणून काकांचा टॅबलेट यादीत दुसऱ्या क्रमांकाला गेला. त्यांना हे पटायला वेळ लागला. त्यांचा मुद्दा होता हयातीच्या दाखल्याचा. 'त्याला मोठा कॅमेरा लागतो ना?' जीवन प्रमाण ही सोय नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा बोटाचा ठसा घेणारं यंत्र लागायचं, आणि म्हातारपणी ठसे पुसट झालेल्यांची त्यात फार परवड व्हायची. नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो. त्याला साधारण ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेला अँड्रॉइड फोन पुरतो. तो पेन्शनरचा स्वतःचाच असावा असंही नाही, सुनेच्या फोनवरही काम झालं असतं. दाखल्यासाठी म्हणून काही विकत घेण्याचं कारण नव्हतं.

मग सुनेचा मुद्दा: एकच मोठा, महाग फोन घ्या आणि बाकी सगळं विसरा. महागड्या फोनांना मोठा पडदा आणि कीबोर्ड जोडून डेस्कटॉपसारखं वापरता येतं, सॅमसंगने २०१७ पासून डेक्स या नावाने ती सोय दिली आहे. पण ३०,००० च्या आतल्या बहुतेक फोनांत ती मिळत नाही, आणि मिळाली तरी टॅली काही त्यावर येत नाही. शिवाय फोन एका माणसाचा असतो. घरातलं सामायिक यंत्र म्हणून फोन वापरायला गेलं की एकीची प्रश्नपत्रिका दुसरीचा कॉल आला म्हणून अर्धी राहते.

एक कागद, चार पडदे

वाचण्याच्या प्रश्नात मी फूटपट्टी घेऊन बसलो. ई-पेपर, पेन्शनचा कागद, प्रश्नपत्रिका, कॉलेजच्या नोट्स, हे सगळं पानाच्या रूपात येतं. बहुधा ए४ किंवा त्याहून मोठं. ए४ ची रुंदी २१० मिलिमीटर. ६.७ इंची उभ्या फोनचा पडदा साधारण ७० मिलिमीटर रुंद भरतो, म्हणजे कागदाचा तिसरा हिस्सा. कागदावरचं १२ पॉइंटचं अक्षर तिथे ४ पॉइंटचं होतं. ११ इंची टॅबलेट उभा धरला तर रुंदी १४८ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तेच अक्षर आठ-साडेआठ पॉइंटचं. चष्मा लावला की वाचता येतं.

गंमत नेटबुकची. त्याच्या आडव्या पडद्याची रुंदी २२१ मिलिमीटर, ए४ पेक्षाही जास्त. अक्षर मूळ आकाराहून किंचित मोठंच दिसतं! पण उंची जेमतेम १३० मिलिमीटर, त्यामुळे एका वेळी अर्ध्याहून कमी पान. पट्ट्या आणि मेनू वजा केले तर तिसरा हिस्सा. जुन्या लोकांना नेटबुकवर वाचायला का बरं वाटायचं आणि तरी सतत खाली-वर का सरकवावं लागायचं, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. १४ इंची लॅपटॉपची रुंदी ३१० मिलिमीटर. अक्षर हवं तेवढं मोठं करा, जागा उरतेच.

इथे टॅबलेटचा खरा गुण कळतो. आडवं पडून, हातात धरून, अख्खं पान एका नजरेत वाचायचं असेल तर त्याला तोड नाही. काकांच्या मित्राचं कौतुक खोटं नव्हतं. प्रश्न इतकाच की या घरात अशा वाचनाला पहिल्या ३०,००० तून जागा होती का.

आणखी एक फरक काकांना दाखवला. पानाच्या चित्राच्या रूपातला ई-पेपर आणि त्याच वर्तमानपत्राच्या साइटवरची मजकुराची बातमी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मजकुराची बातमी फोनवर अक्षर मोठं केलं की आपोआप नव्या ओळीत बसते. चित्राचं पान मोठं केलं की डावी-उजवीकडे पळतं. फोनवर बातम्या वाचून डोळे दुखतात असं म्हणणारे बरेच जण खरं तर पानाचं चित्र वाचत असतात.

ळ कुठे आहे

टॅबलेटला ब्लूटूथ कीबोर्ड लावून लॅपटॉप होतो, असं दुकानदार सांगतात. इंग्रजी ईमेलपुरतं ते खरं आहे. पण कीबोर्डचं कव्हर घेतलं की टॅबलेटची किंमत लॅपटॉपच्या जवळ जाते, मांडीवर ठेवून लिहिताना ते डुगडुगतं, आणि या घरातला जुना यूएसबी लेझर प्रिंटर त्याला जोडताच येत नाही. अशा स्वस्त लेझर प्रिंटरमध्ये पानाची आखणी प्रिंटर स्वतः करत नाही, संगणकातलं ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर करून देतं. वायफायचा नवा प्रिंटर असता तर फोनवरूनही छापता आलं असतं. पण चालता प्रिंटर टाकून नवा घ्यायचा म्हणजे बजेट तिथेच फुटतं.

सीपीसीटीच्या हिंदी टायपिंगला रेमिंग्टन गेल आणि इन्स्क्रिप्ट अशा बटणांच्या दोन मांडण्या चालतात. नातीच्या क्लासमध्ये बहुतेक मुलं रेमिंग्टन घेतात, कारण कृतिदेवचा हात त्यावर बसलेला असतो. मी तिला इन्स्क्रिप्ट घ्यायला सांगितलं. कारण घरगुती होतं. इन्स्क्रिप्टमध्ये हिंदी आणि मराठीच्या बटणांच्या जागा एकच आहेत, विंडोजमध्ये तो आधीच दिलेला असतो, आणि हिंदीसाठी बसवलेला हात तसाच मराठीला लागतो. 'ल' इंग्रजी एनच्या बटणावर आणि 'ळ' त्याच बटणावर शिफ्ट धरून. परीक्षेची तयारी आणि आजोबांचं इतिवृत्त एकाच मेहनतीत होतं. आजोबांना हे फार आवडलं. लॅपटॉपच्या बाजूने त्यांचं मत पहिल्यांदा तिथे हललं.

फोनवर मराठी लिहिणं वाईट नाही. बोलून लिहिता येतं, बोटाने अक्षर काढूनही लिहिता येतं. चार ओळींच्या निरोपाला ते पुरेसं आहे. चार पानांच्या इतिवृत्ताला नाही, कारण लिहिण्यापेक्षा जास्त वेळ दुरुस्तीत जातो.

सिल्व्हर मॉलमध्ये

नवा लॅपटॉप या बजेटमध्ये बसवायचा तर सगळ्यांत खालच्या प्रोसेसरचा, ४ जीबी रॅमचा येतो. त्याचं भविष्य मला नेटबुकासारखं दिसतं: आज चालेल, तीन वर्षांनी रडवेल. त्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप बरे. त्यांची बांधणी ऑफिसच्या वापरासाठी केलेली असते, रॅम आणि डिस्क बदलता येते. क्रोमबुकचा विचार टॅलीपाशीच संपला.

नात आणि तिचे वडील आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेले, मी सोबत. दिवाळीच्या आधीचा आठवडा, विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे सगळ्यांना ठाऊक, आणि टेबलांवर जुन्या लॅपटॉपच्या चळती. पहिल्या दुकानातलं वाक्य ठरलेलं होतं. 'भिया, आय-फाइव है, एसएसडी है, विंडोज इलेवन डला हुआ है, मक्खन चलेगा.'

विंडोज ११ घातलेलं होतं, हे खरं. पण ते तिथे चालावं असं मायक्रोसॉफ्टने म्हटलेलं नव्हतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत जवळजवळ सगळीकडे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर. त्याच्या आधीच्या यंत्रात अट चुकवून विंडोज ११ चढवता येतं. ते आज चालतं, पुढचं मोठं अपडेट येईल की नाही याची हमी कुणी देत नाही. ओळखायचं कसं? नावात डॅशनंतर जो आकडा येतो तो पाहायचा. आय५-७२००यू असेल तर सातवी पिढी, आय५-८३५०यू असेल तर आठवी. बाहेरचं स्टिकर पाहू नये, ते कुणीही चिकटवतं. सेटिंग्जमध्ये 'अबाउट'मध्ये जाऊन वाचावं. नातीने वाचलं, सात निघाला. दुकानदाराने खांदे उडवले, 'इत्ता कौन देखता है.'

दुसऱ्या दुकानात आठव्या पिढीचा मिळाला. १४ इंची, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतःच काढून देतं. त्यात मूळ क्षमता आणि आत्ता भरणारी क्षमता शेजारी-शेजारी दिसते. इथे साधारण तीन-चतुर्थांश उरली होती. घरात टेबलावर वापरायचा म्हणून चाललं. कॉलेजात दिवसभर न्यायचा असता तर नवी बॅटरी घालून घ्यायला सांगितलं असतं. नातीने नोटपॅड उघडून एकेक बटण दाबून पाहिलं, बिजागरी उघड-मीट करून पाहिली, कॅमेरा आणि हेडफोनचं भोक तपासलं. १८,५०० ला सौदा ठरला, दुकानाची सहा महिन्यांची लेखी हमी आणि जीएसटीचं बिल यांसह. बिलाशिवाय दीड हजार कमी करायची तयारी होती. मुलाने ती नाकारली, ते फार बरं झालं; हमी बिलावरच उभी असते.

काकांसाठी १०,८०० चा साधा अँड्रॉइड फोन, ६.७ इंची, १२८ जीबी. सुनेचा जुना फोन काकांना देऊन तिला नवा घ्यावा, असा एक प्रस्ताव मध्ये आला होता. मी विरोध केला. ज्या फोनचे सुरक्षा अपडेट थांबले आहेत तो पहिल्यांदाच बँकेचं अ‍ॅप वापरणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचा नसतो. सुनेच्या फोनचं रडगाणं जागेचं होतं. ग्रुपांतून जमलेले गुड मॉर्निंगचे व्हिडिओ काढल्यावर तो पुन्हा चालू लागला. उरलेल्या पैशांतून ५०० चा पूर्ण आकाराचा यूएसबी कीबोर्ड आणला.

वापरात आल्यावर

पहिली कुरबुर आठवड्याभरात आली. संध्याकाळी सात ते नऊ लॅपटॉप सुनेलाही हवा आणि नातीलाही. हे वहीत दिसलं नव्हतं, कारण तेव्हा लॅपटॉपच नव्हता. इथे नेटबुक कामाला आलं. त्याचं वायफाय कायमचं बंद केलं, तो ५०० चा कीबोर्ड त्याला जोडला आणि इन्स्क्रिप्टचा सराव त्यावर सुरू झाला. टायपिंगच्या सरावाला इंटरनेट लागत नाही, वेगवान प्रोसेसरही लागत नाही. नेटबुकच्या स्वतःच्या आखूड बटणांवर सराव केला असता तर परीक्षाकेंद्रातल्या कीबोर्डवर बोटं चुकली असती; वेगळा कीबोर्ड त्यासाठीच.

सुनेने कृतिदेव लॅपटॉपवर बसवून घेतला आणि जुन्या प्रश्नपत्रिका दिसू लागल्या. नव्या ती मंगल फॉण्टमध्ये, युनिकोडमध्ये करते. त्या फोनवरही नीट उघडतात, त्यामुळे मुख्याध्यापिकेला दाखवायला छापील प्रत न्यावी लागत नाही. जुन्या बदलून घेण्याचं काम अर्धंही झालेलं नाही आणि कदाचित होणारही नाही. शाळेत सगळ्यांनी एकदम बदललं तरच त्याला अर्थ आहे.

नोव्हेंबरात काकांनी हयातीचा दाखला स्वतःच्या फोनवर काढला. जीवन प्रमाण आणि आधारचं चेहरा ओळखणारं अशी दोन अ‍ॅप लागतात, हे ठाऊक नसेल तर पहिल्याच पायरीवर माणूस अडतो. खोलीतल्या ट्यूबलाइटखाली चेहरा धरला तर नकार. अंगणात सावलीत उभं राहून, चष्मा काढून डोळे मिटले-उघडले तर लगेच झालं. विजेचं बिल आता तेच भरतात. पहिल्या बिलाची रक्कम लिहिताना त्यांनी सुनेला दोनदा फोन केला, दुसऱ्या बिलाला एकदाही नाही.

वाचनाचं मात्र अर्धंच जमलं. बातम्या ते फोनवर वाचतात, अक्षर मोठं करून. ई-पेपर सकाळी सगळे बाहेर पडल्यावर लॅपटॉपवर, टेबलापाशी बसून. पण दुपारी आडवं पडून मासिकाची पीडीएफ वाचायची हौस तशीच राहिली. लॅपटॉप छातीवर ठेवून पाहिला, दीड किलोचा भार आणि खालून येणारी गरम हवा यांनी तो प्रयोग आटोपला.

संक्रांतीच्या ऑर्डरी झाल्यावर काकूंनी मला विचारलं, वाचायचा टॅबलेट घ्यायचा तर काय पाहायचं. आता उत्तर सोपं होतं, कारण त्याच्याकडून एकच काम करून घ्यायचं होतं. ११ इंची, सिम नको, कीबोर्डचं कव्हर नको, बँकेचं अ‍ॅप त्यावर घालायचं नाही. उजेड कमी-जास्त नीट होतो का ते दुकानातच पीडीएफ उघडून पाहायचं, आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास असावं. प्रोसेसरचं नाव विचारलंही नाही तरी चालेल.

'म्हणजे शेवटी मी म्हटलं होतं तेच,' काका म्हणाले.

'घ्या तुमचा टॅबलेट,' काकू वही मिटत म्हणाल्या, 'पण पैसे माझ्या फोनवरून जातील. तुमच्या त्या पाटीवर यूपीआय चालत नाही.'